गादी किलोने घ्या, हिशेब वर्षाने करा
दिघ्याच्या दमट हवेत सुती अंथरूण-पांघरुणाला किती खर्च येतो आणि ते कसं टिकवायचं

पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत दिघा. जून ते सप्टेंबर इथली हवा ओली असते, भिंतींना ओल येते आणि तळमजल्याच्या खोलीत दुपारीसुद्धा फरशी गार लागते. अशा घरात कोणत्या धाग्यावर झोपायचं, हा आरामाइतकाच खर्चाचाही प्रश्न आहे. चुकीची गादी दोन पावसाळ्यांत वास मारू लागते आणि चांगली गादी नीट न सांभाळल्यास तिचीही तीच गत होते.

कापूस, काथ्या, सावरी, लोकर, नैसर्गिक रबर अशा सगळ्या पर्यायांना लागू पडणारे दोन नियम आधी सांगतो. गादीचा भाव लांबी-रुंदीवर ठरवू नका, आत किती किलो काय भरलं आहे ते विचारा. आणि खरेदीच्या दिवशीची रक्कम तेवढी न पाहता पुढची दहा-बारा वर्षं धरून वर्षाचा खर्च काढा. हे दोन प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक सहसा फसत नाही.

पुढे दिलेले दर ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या साध्या दुकानांसाठी अंदाज म्हणून धरावेत. मोसम, दुकान आणि घासाघीस यांनुसार ते वरखाली होतात, म्हणून निदान दोन ठिकाणी भाव विचारूनच ठरवा.

कापसाचा खरा भाव कुठून ठरतो

दुकानदार किलोला 80 रुपये सांगतो, शेजारचा 220 सांगतो आणि दोघेही ‘शुद्ध कापूस’ म्हणतात. यातलं खरं-खोटं शेताच्या बांधावरून तपासता येतं. केंद्र सरकारने 2025-26 च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला 7,710 रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये हमीभाव जाहीर केला. हा भाव सरकीसकट कापसाचा. जिनिंगमध्ये 100 किलो कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचे पैसे वजा केले तरी हमीभावाच्या हिशेबाने रुईचा भाव किलोला दीडशे ते एकशे ऐंशीच्या घरात जातो. त्यावर वाहतूक, दलाली आणि दुकानदाराचा नफा.

म्हणजे नवी, पहिल्या प्रतीची रुई 80 रुपयांत परवडणं शक्य नाही. मग 80 रुपयांच्या आसपास काय मिळतं? दोन गोष्टी मिळतात आणि त्यांत मोठा फरक आहे.

पहिली म्हणजे गिरणीचा कापूस. सूतगिरणीत कापूस विंचरताना आखूड तंतू बाजूला पडतात. तो अस्सल कापूसच असतो, फक्त तंतू आखूड असल्याने गादी लवकर दबते. कमी पैशांत काम भागवायचं असेल तर हा पर्याय प्रामाणिक आहे, मात्र त्याचा भाव नव्या रुईपेक्षा कमी हवा.

दुसरी म्हणजे चिंध्यांचा कापूस. शिलाईच्या कारखान्यांतली कात्रणं आणि जुने कपडे यंत्रात फाडून तो करतात. त्यात पॉलिस्टर हमखास मिसळलेलं असतं. मूठभर हातात घेतल्यास लाल, निळे, काळे तंतू दिसतात. तो फार तर पायपुसण्याच्या आत किंवा बैठकीच्या लोडात चालेल, रात्रभर झोपायच्या गादीत नको.

भाव विचारताना हे अंदाज हाताशी ठेवा:

- नवी रुई: किलोला 190 ते 250 रुपये
- गिरणीचा कापूस: किलोला 90 ते 150 रुपये
- चिंध्यांचा कापूस: किलोला 30 ते 60 रुपये
- सावरीचा कापूस: किलोला 300 ते 450 रुपये

एका गादीचा पूर्ण हिशेब

सहा बाय तीन फुटांची, चार इंच उंचीची एकेरी गादी घेऊ. तिला 8 ते 10 किलो रुई लागते. दुहेरी, म्हणजे सहा बाय पाच किंवा सहा बाय सहाच्या गादीला 15 ते 20 किलो. दुहेरी सुती गादी उचलायला दोन माणसं लागतात आणि ती वेळच्या वेळी उन्हात जात नाही. म्हणून दिघ्यातल्या घरात एका दुहेरी गादीऐवजी दोन एकेरी गाद्या शेजारी शेजारी घालणं सोयीचं. दिवसा त्या गुंडाळून ठेवता येतात आणि खोली मोकळी होते.

एकेरी गादीचा खर्च असा:

- नवी रुई 9 किलो, 200 रुपयांप्रमाणे: 1,800 रुपये
- गादीपाट साधारण 4 मीटर, 100 रुपयांप्रमाणे: 400 रुपये
- पिंजणं, भरणं, खोळ शिवणं, टाके घालणं: 500 रुपये
- एकूण: 2,700 रुपये

आता देखभाल. दर तीन वर्षांनी गादी उसवून रुई पुन्हा पिंजून घ्यावी लागते. पिंजणावळ किलोला 30 रुपये धरली तर 270 रुपये, पुन्हा भरून टाके घालायला 300 रुपये, धुळीत आणि भुश्यात गेलेल्या रुईच्या जागी किलोभर नवी 200 रुपयांची. एका खेपेला 770 रुपये. बारा वर्षांत तीन खेपा म्हणजे 2,310 रुपये. मध्ये एकदा गादीपाट बदलायचे 400 रुपये. सगळं मिळून 5,410 रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे 450 रुपये.

हा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि दुकानातल्या प्रत्येक गादीला लावून पाहा. 4,500 रुपयांची फोमची एकेरी गादी सहा वर्षं टिकली तर वर्षाला 750 रुपये पडले. ती दहा वर्षं न दबता टिकली तरच सुती गादीशी बरोबरी होते. शिवाय दबलेला फोम पिंजता येत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो.

सुती गादीची वैगुण्यंही सांगितली पाहिजेत. ती जड असते, तिला ऊन लागतं, आणि ज्या घरात गादी उचलायला कुणी धडधाकट माणूस नाही किंवा ऊन येणारी गच्ची-खिडकी नाही, तिथे ती चांगली राहत नाही. अशा घराने पुढचा पर्याय पाहावा.

काथ्या, सावरी, रबर, लोकर

काथ्याची गादी. नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून दाबलेल्या लाद्यांची ही गादी कडक असते, आतून हवा खेळती राहते आणि काथ्यात लिग्निन भरपूर असल्याने तो ओलीत लवकर कुजत नाही. पावसाळी घरांना ती मानवते. एकेरी चार इंची गादी 3,500 ते 6,000 रुपयांपर्यंत. घेताना एकच प्रश्न ठामपणे विचारा: ‘चार इंचांत काथ्या किती आणि फोम किती?’ पुष्कळ गाद्यांत दीड-दोन इंच काथ्या आणि वर-खाली फोम असतो. खोळीला चेन असेल तर उघडून बघा, नसेल तर थरांची जाडी बिलावर लिहून मागा.

सावरीचा कापूस. सावरीच्या बोंडातला हा रेशमासारखा कापूस वजनाला हलका असतो. तंतू पोकळ आणि मेणचट असल्याने तो पाणी सहज धरत नाही. अख्ख्या गादीला तो महाग पडतो आणि लवकर चपटाही होतो, उशीला मात्र उत्तम. एका उशीला साधारण किलोभर लागतो. खोळ-शिलाईसह 450 ते 650 रुपयांत चांगली उशी होते. तो भुरूभुरू उडतो, म्हणून खोळ घट्ट विणीची हवी.

नैसर्गिक रबराची गादी. तिला दुकानात लेटेक्स म्हणतात. एकेरी गादी 12,000 ते 25,000 रुपयांच्या घरात. मऊ, लवचीक आणि टिकाऊ, पण वजनाला भारी. ‘लेटेक्स’ एवढाच शब्द पुरेसा नाही, कारण कृत्रिम रबराच्या मिश्रणालाही तेच नाव देतात. नैसर्गिक रबराचं प्रमाण किती, ते लेखी घ्या.

घोंगडी. दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी 1,500 ते 4,000 रुपयांना मिळते. दिघ्याच्या थंडीत ती पांघरायची गरज फार थोडे दिवस पडते. गावी जाणं-येणं असेल किंवा जमिनीवर बसायला हवी असेल तरच घ्या.

चादर: आकडे कोणते पाहायचे

साध्या यंत्रमागाची सुती एकेरी चादर 250 ते 500 रुपयांना, दोन अभ्र्यांसह दुहेरी चादर 500 ते 1,200 रुपयांना मिळते. हातमागाची किंवा खादीची 800 ते 2,000 रुपयांना.

वेष्टनावर थ्रेड काउंट, म्हणजे एका चौरस इंचात आडवे-उभे मिळून किती धागे, ते लिहिलेलं असतं. 150 ते 300 या टप्प्यातली साध्या विणीची सुती चादर आपल्या हवेला उत्तम. 800-1,000 असे आकडे बहुधा दुपदरी-तिपदरी धाग्यातला प्रत्येक पदर वेगळा मोजून येतात. अशी दाट चादर वाळायला वेळ घेते आणि उकाड्यात नकोशी वाटते.

‘बांबूची चादर’ म्हणून मऊसूत कापड विकलं जातं. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा धागा काढतात. तो व्हिस्कोस असतो. झोपायला वाईट नाही, पण त्याला कापसापेक्षा जास्त पैसे देण्याआधी हे ठाऊक असावं. ‘कॉटन रिच’, ‘कॉटन फील’, ‘ग्लेस कॉटन’ या नावांवर विसंबू नका. ‘100 टक्के कॉटन’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर मिश्रण आहे असंच धरा.

पांघरायला सोलापुरी चादर आजही पैशाला पुरेपूर उतरते. जाकार्ड विणीची, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी, 350 ते 900 रुपयांना. तिला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव सोलापूरच्या उत्पादनापुरतं राखीव आहे. तरी पानिपतकडच्या मिश्र धाग्याच्या चादरी त्याच नावाने रस्त्यावर विकल्या जातात. उत्पादकाचा सोलापूरचा पत्ता असलेलं लेबल बघा आणि एखादा धागा जाळून पाहा.

जाळून बघायची रीत सोपी आहे. कापडाच्या कडेचा धागा चिमट्यात धरून भांड्यावर पेटवा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख राहते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि कडक मणी उरतो. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. रुई घेतानाही हीच परीक्षा करा.

मापात फसू नका. सुती चादर पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकते, म्हणजे 90 इंचांतले तीन-चार इंच गेले. सहा बाय सहाच्या चार इंची गादीला 90 बाय 108 इंचांची चादर घ्या, तरच ती आटल्यावरही गादीखाली खोचता येईल.

करही बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या चादरी आणि सुती रजयांवर 5 टक्के आणि त्यापुढे 18 टक्के जीएसटी लागतो. 2,600 रुपयांच्या एका भारी चादरीपेक्षा दोन मध्यम चादरी घेणं कराच्या हिशेबानेही शहाणपणाचं.

कुठे आणि कधी घ्यायचं

दिघा गाव स्थानक 12 जानेवारी 2024 ला सुरू झाल्यापासून ठाणं एका स्टेशनावर आलं. चादरी, अभ्रे, गादीपाट यांसाठी ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात भाव तुलना करून घेता येतात. हातमागाच्या वस्तूंसाठी बेलापूरचं अर्बन हाट बघा, तिथे वेगवेगळ्या राज्यांच्या कारागिरांची प्रदर्शनं भरतात. हातमाग म्हणून जादा पैसे मोजत असाल तर ‘हँडलूम मार्क’ची चिठ्ठी, खादी असेल तर ‘खादी मार्क’ मागा.

गादी मात्र घराजवळच्या गादीवाल्याकडून करून घ्यावी. लोकलने ती आणता येत नाही, टेम्पोचं भाडं भावातली बचत खाऊन टाकतं, आणि तीन वर्षांनी पिंजायला पुन्हा त्याच्याकडेच जायचं आहे.

वेळ निवडा फेब्रुवारी ते मे. यामागे साधं विज्ञान आहे. 65 टक्के आर्द्रतेला कापसात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा असतो, पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतो. घाम टिपण्याचा कापसाचा गुण यातूनच येतो. पण जुलैच्या हवेत तोच कापूस आणखी पाणी पितो. तेव्हा तोललेल्या 10 किलो रुईत उन्हाळ्यापेक्षा तीनशे-चारशे ग्रॅम पाणी जास्त असू शकतं, आणि ते आपण रुईच्या भावाने विकत घेतो. शिवाय ओलसर भरलेली गादी आतून कुबट होते.

गादी भरून घेताना चार गोष्टी सोडू नका:

- रुई आपल्यासमोर तोलून घ्या. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू शिक्का आहे ना ते पाहा.
- पिंजायला दिलेली आपलीच रुई परत हवी. जाताना आणि येताना वजन करा. धूळ-भुसा जाऊन थोडी घट येणारच, पण 9 किलोची 7 किलो झाली तर विचारा.
- दुसऱ्याच्या गादीतली जुनी रुई मिसळू देऊ नका. ढेकूण आणि रोग तिथूनच घरात येतात.
- बिलावर वजन, रुईचा प्रकार आणि दर लिहून घ्या.

सांभाळायचं कसं

सुती गादीला ऊन हेच औषध. ऑक्टोबर ते मे या काळात महिन्यातून दोनदा सकाळी दहा ते चार गच्चीत टाका, दुपारी बाजू पालटा, काठीने झोडा आणि ऊन उतरायच्या आत घरात आणा. संध्याकाळी खाडीवरचा दमटपणा वाढतो, तेव्हा बाहेर राहिलेली गादी दिवसभरात सुकलेलं पुन्हा शोषून घेते. पावसाळ्यात उघडीप मिळाली की ती खुर्च्यांवर तिरकी उभी करून पंख्याखाली ठेवा.

जमिनीवर झोपत असाल तर फरशी आणि गादी यांच्यामध्ये काथ्याची किंवा पात्याची चटई घाला. प्लॅस्टिकचा कागद नको, त्याखाली-वर पाणी सुटतं आणि बुरशी येते. सकाळी उठल्या उठल्या गादी गुंडाळू नका. अर्धा तास उघडी ठेवली तर रात्रीचा घाम उडून जातो. गुंडाळी भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

काथ्याच्या आणि लेटेक्सच्या गादीला ही रीत लावू नका. कडक उन्हात रबर कडक होऊन तुकडे पडतात. त्यांना सावलीतली वाहती हवा द्या आणि तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करा.

घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर चादरीखाली मेणकापड घाला. गादी भिजलीच तर आधी कोरड्या कपड्यांनी दाबून पाणी टिपा, मग ऊन. भिजलेल्या गादीवर पावडर किंवा अत्तर मारून वास झाकला तर आत बुरशी वाढत राहते.

चादरी आणि अभ्रे आठवड्याला धुवा. ज्यांना धुळीची ॲलर्जी किंवा दमा आहे, त्यांच्या चादरी, कापडाला सोसत असेल तर, 60 अंशांच्या पाण्यात धुवाव्यात, त्या तापमानाला धुळीतले सूक्ष्म किडे मरतात. सोलापुरी चादर पहिल्या दोन-तीन वेळा वेगळी धुवा, गडद रंग सुटतो. मिठाने रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका. क्लोरीनचं ब्लीच कापसाचा धागा कमजोर करतं आणि लोकर तर खराबच करतं. कापड मऊ करणारी द्रव्यं वारंवार वापरली तर सुती चादरीची पाणी टिपायची ताकद कमी होते.

घोंगडी आणि लोकरी कपडे ठेवण्याआधी उन्हात पूर्ण सुकवा आणि वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह सुती कापडात बांधा. डांबराच्या गोळ्या बाळाच्या अंथरूण-पांघरुणात घालू नयेत. जी-सिक्स-पीडी या एंझाइमची कमतरता असलेल्या बाळाला या गोळ्यांतल्या नॅप्थॅलीनच्या वाफेने गंभीर रक्तक्षय होऊ शकतो.

जुनं झालं की

विरलेल्या सुती चादरी, साड्या, धोतरं टाकू नका. गोधडी शिवून घेतली तर हातशिलाईचे 600 ते 1,500 रुपये लागतात आणि पातळ, धुता येणारं, एका दिवसात वाळणारं पांघरूण मिळतं. दिघ्याच्या हिवाळ्याला तेवढं पुरतं. आतल्या थरातही सुतीच कापड घाला. मध्ये सिंथेटिक साडी घातली की गोधडी घाम टिपत नाही. तिसऱ्या-चौथ्या पिंजणीनंतर भुसा झालेली रुई लोड-तक्क्यांत भरा. जुनी गादी नाल्याकाठी टाकू नका. पावसात ती पाणी पिऊन फुगते आणि नाला तिथेच तुंबतो.

फसवणूक झाली तर

बिल, लेबल आणि उघडलेल्या गादीचे फोटो जपून ठेवा. आधी दुकानदाराला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. वजनात खोट असेल तर वैधमापन विभागाकडे जा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. त्यामुळे दोन-तीन हजारांच्या गादीसाठीही दाद मागायला संकोच करू नका.

पैसे थोडे असतील तर आधी काय

एकदम सगळं घेणं बहुतेक घरांना जमत नाही. म्हणून क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी घरात असलेली सुती गादी उसवून पिंजून घ्या. सात-आठशे रुपयांत ती नव्यासारखी होते. मग प्रत्येक माणसामागे दोन शुद्ध सुती चादरी, म्हणजे पावसात एक वाळत असताना दुसरी अंगाखाली राहील. त्यानंतर उशा. नवी गादी सगळ्यात शेवटी, तीही उन्हाळ्यात, आणि आधी वयस्कर माणसासाठी. चार माणसांच्या घराने चारही एकेरी गाद्या नव्याने केल्या तर वरच्या हिशेबाने 10,800 रुपये होतात. दर उन्हाळ्याला एक अशी केली तर वर्षाला 2,700 रुपये बाजूला काढावे लागतात, आणि चौथ्या उन्हाळ्यात पहिली गादी पिंजायला आली की त्या वर्षी त्यात 770 रुपये जोडा. कर्ज न काढता, हप्ते न बांधता अख्ख्या घराला सुती गाद्या होतात.